गेटपासून उलटा हिशेब

दिवाळीच्या आधी दोन आठवडे पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला बसा, एक प्रश्न हमखास कानावर येतो : "चार दिवस सुट्टी आहे, डोंगरातलं एखादं चांगलं जंगल बघायचंय. गाडी काढू की विमानाचं बघू?" कुणीतरी लगेच सांगतं, विमानाने वेळ वाचतो. दुसरा म्हणतो, गाडी हाताशी असली की बरं. दोघंही मोबाइलवर किलोमीटर बघतात आणि मग वाद वाढतो.

वाद मिटत नाही, कारण मोजमापच चुकलेलं असतं. सपाट मुलखात अंतर किलोमीटरात मोजलं तरी चालून जातं. डोंगरात ते तासांत मोजावं लागतं. शिवाय राष्ट्रीय उद्यानाला गेट असतं, त्या गेटला वेळ असते. त्यामुळे हिशेब घरापासून सुरू न करता गेटपासून उलटा करत यायचा. या प्रकरणात आपण तेच करणार आहोत. पण त्याआधी जायचंय कुठे ते ठरवू.

१. जवळचं जंगल आणि जवळचं राष्ट्रीय उद्यान

चाकणकरांना जंगल म्हटलं की भीमाशंकर आठवतं, आणि त्यात गैर काही नाही. मंचर, घोडेगाव, डिंभे असं जा किंवा राजगुरुनगरहून वाडा, तळेघर असं. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचता येतं. शेकरू हा आपला राज्यप्राणी तिथे झाडांवर दिसतो. पण भीमाशंकर हे १९८५ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नाही.

फरक कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क पुढे चालू राहू शकतात : गाव राहतं, शेती राहते, परवानगीने चराई होते, देवाच्या वाटा चालू राहतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र जमिनीवरचे हक्क आधी संपवावे लागतात आणि गुरं चारायला बंदी असते. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. भीमाशंकरला एसटी थेट देवळापाशी जाते. राष्ट्रीय उद्यानात तुम्ही गेटवर थांबता, पावती फाडता, आणि आत जायचं ते नेमून दिलेल्या वेळेत आणि नेमून दिलेल्या रस्त्यानेच.

महाराष्ट्रात अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी उद्यान. आता गंमत बघा. पिंपरी-चिंचवडला यातलं सर्वांत जवळचं कोणतं? बोरिवलीचं. द्रुतगती मार्गाने गेलं तर तीनेक तासांत आपण कान्हेरी लेण्यांच्या डोंगराखाली. तिथे डोंगर आहे, बिबटे आहेत, चांगलं जंगलही आहे. पण सुट्टी काढून मुंबईच्या वाहतुकीत शिरायला मन तयार होत नाही, एवढंच.

सह्याद्रीचा माथा, सडे आणि दाट सदाहरित झाडी बघायची असेल तर नाव एकच उरतं, चांदोली. ३१७ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या शिवा इथे एकत्र येतात. २०१० मध्ये चांदोली आणि उत्तरेचं कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांत ही दोन्ही आहेत.

हक्क संपवणं हे शब्द कागदावर छोटे दिसतात. चांदोलीत त्याचा अर्थ अनेक गावं उठली असा होतो. काही वारणेच्या धरणाच्या पाण्यामुळे, काही अभयारण्यामुळे. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आणि मोबदल्यासाठी अभयारण्यग्रस्तांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. उद्यानात पर्यटक ज्या सड्यावर उभे राहून फोटो काढतात त्या झोळंबीच्या सड्याला अशाच एका उठलेल्या गावाचं नाव आहे. आपली गाडी जाते त्या वाटेने कधीकाळी तिथल्या लोकांच्या बैलगाड्या गेल्या असतील, हे लक्षात असलेलं बरं.

२. दार पूर्वेलाच का?

नकाशावर पिंपरी आणि चांदोली पाहिलं तर आश्चर्य वाटतं. दोन्ही जवळपास एकाच उभ्या रेषेवर आहेत. पिंपरीपासून सरळ दक्षिणेला, हवाई अंतर साधारण १६५ किलोमीटर. चाकणपासून धरलं तर पावणेदोनशेच्या आतबाहेर. पण रस्त्याने चाकण ते चांदोलीचं गेट हे अंतर पावणेतीनशेच्या घरात जातं. शंभर किलोमीटर गेले कुठे?

ते गेले सह्याद्रीच्या आकारात. हा डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा नाही. कोकणाच्या बाजूला तो भिंतीसारखा तुटलेला आहे, देशाच्या बाजूला मात्र हळूहळू उतरत जातो आणि उतरताना पूर्वेकडे लांब सोंडा सोडतो. दोन सोंडांच्या मधून एकेक नदी वाहते : कोयना, वारणा, कासारी, कुंभी. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ माथ्यावरून रस्ता न्यायचा म्हणजे प्रत्येक सोंड चढायची, प्रत्येक दरी उतरायची. म्हणून मोठा रस्ता डोंगराच्या पायथ्यापासून लांब, पूर्वेच्या सपाटीवरून जातो आणि हव्या त्या नदीचं खोरं आलं की पश्चिमेला वळतो.

चांदोलीसाठी ती नदी वारणा. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी ही नदी उद्यानात उगम पावते, आणि तिच्या खोऱ्यातून वर चढत जाणारा रस्ता फारसा घाट न लागता जंगलाच्या तोंडाशी नेऊन सोडतो. रत्नागिरीच्या बाजूने असं काही नाही. तिकडे शृंगारपूरहून प्रचितगडाची वाट वर येते. ती पायी चढायची, खडी आणि दमवणारी. म्हणून उद्यानाचं पर्यटकांसाठीचं दार पूर्वेला, शिराळा तालुक्यातल्या मणदूर-जाधववाडीकडे आहे. डोंगराने ते ठरवलं, वनखात्याने फक्त तिथे चौकी बसवली.

३. गेट सकाळी गाठायचं तर

आता उलटा हिशेब. समजा, सकाळी लवकर गेटवर उभं राहायचंय, कारण जंगलातले पहिले दोन तास सर्वांत चांगले.

गेटपासून मागे येताना पहिला टप्पा मणदूर ते कराड. मणदूर, आरळा, चरण, शेडगेवाडी फाटा, उंडाळे, कराड असा हा साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता. ज्यांना महामार्ग जास्त वेळ हवा ते पेठ नाक्यावरून वळतात आणि नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्यावरून कोकरूडकडे येतात. दोन्हींत वेळेचा फार फरक नाही. उसाच्या हंगामात मात्र पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की या रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर, त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि रात्री बहुतेकांना मागचा दिवा नसतो. ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत मागे गुपचूप चालायचं. या टप्प्याला दोन तास धरा. कमी धरू नका.

दुसरा टप्पा कराड ते कात्रजचा नवा बोगदा, दीडशे किलोमीटर. उंब्रज, सातारा, खंबाटकी, शिरवळ, खेड-शिवापूर. रस्ता रुंद, टोलनाके तीन, साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामाची वळणं. तीन तास.

तिसरा टप्पा बोगदा ते वाकड. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी. पहाटे पाऊण तास. संध्याकाळी किती, ते विचारू नये.

आणि चौथा वाकड ते चाकण, पंचवीस-तीस किलोमीटर. इथेच बहुतेकांचा हिशेब कोसळतो. मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज अशा कंपन्यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, त्या पट्ट्यातून स्वतःची एक गाडी वेळेवर बाहेर काढणं हे सगळ्यात अवघड काम. पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसा, कंटेनरचे ट्रेलर, नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक कॅरिअर आणि दुचाक्या एकदमच तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात येतात. पहाटे पाचला पाऊण तासात होणारा हा टप्पा त्या वेळी दीड तासही घेतो. शिफ्ट करून "तसंच निघू" म्हणणारे लोक वाकडला पोहोचेपर्यंतच दमलेले असतात, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे येतात तेव्हा रात्र झालेली असते. माझं मत विचाराल तर तसं निघू नये.

बेरीज करू. चाकण ते वाकड पाऊण तास, वाकड ते बोगदा पाऊण, बोगदा ते कराड तीन, कराड ते मणदूर दोन, आणि चहा-नाश्त्याचा पाऊण तास. सव्वासात तास झाले. पावणेतीनशे किलोमीटरला सव्वासात तास म्हणजे ताशी सरासरी चाळीसच्याही आत. मोबाइल यापेक्षा बराच कमी वेळ दाखवेल. त्याला चहा लागत नाही.

याचाच अर्थ, सकाळी आठला गेटवर असायचं तर चाकणहून रात्री पाऊणला निघावं लागेल. ते शहाणपणाचं नाही. आदल्या दिवशी पहाटे पाचला निघा, दुपारी खोऱ्यात पोहोचा, शिराळा किंवा वारणावतीच्या बाजूला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने गेटवर जा. गेटपासून उलटं मोजलं की दीड दिवसाची सहल दोन दिवसांची होते. सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणे टाकावा.

४. विमानाला लागणारे चार तास

विमानाच्या प्रवासात एक वेळ अशी असते जी अंतर कितीही असलं तरी बदलत नाही. चाकण किंवा पिंपरीहून लोहगावच्या विमानतळावर जायला तासभर. उड्डाणाआधी दोन तास हजर राहायचं. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात अर्धा तास. बॅग घेऊन बाहेर यायला अजून अर्धा. चार तास झाले आणि अजून आपण एक किलोमीटरही पुढे सरकलेलो नाही. त्यानंतरचे शंभर किलोमीटर मात्र विमान दहा मिनिटांत संपवतं.

रस्त्याचं उलट आहे. घराबाहेर पडल्या क्षणी अंतर कमी व्हायला लागतं, पण आपल्या वरच्या सरासरीने शंभर किलोमीटरला दोन तास अडतीस मिनिटं लागतात. म्हणजे दर शंभर किलोमीटरमागे विमान जवळपास अडीच तास, नेमकं सांगायचं तर १४८ मिनिटं वाचवतं. सुरुवातीचं नुकसान या बचतीने भरून निघालं की विमान फायद्यात.

नुकसान किती? चार तास, अधिक उतरल्यानंतर विमानतळ ते गेट हा रस्ता. चांदोलीला सर्वांत जवळचा प्रवासी विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. तिथून गेट ऐंशी-नव्वद किलोमीटर, अडीच तास. आणि नकाशा बघा : कोल्हापूर हे चांदोलीच्याही दक्षिणेला आहे. विमान उद्यानाला मागे टाकून पुढे जातं आणि आपण टॅक्सी करून पुन्हा उत्तरेला येतो. साडेसहा तास, म्हणजे ३९० मिनिटं नुकसान. ३९० ला १४८ ने भागा. साधारण २६५ किलोमीटर.

रस्त्याने २६५ किलोमीटरच्या आत असलेल्या उद्यानाला विमान परवडत नाही, त्यापलीकडे परवडतं, असा याचा अर्थ. चांदोली पावणेतीनशेला, म्हणजे अगदी सीमारेषेवर बसतं. कागदावर पंधरा-वीस मिनिटं वाचतील, तीही पुण्याहून कोल्हापूरला सोयीच्या वेळेला थेट विमान असेल तर. मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरला जाऊन कोल्हापूर गाठायचं ठरवलं तर तोवर गाडीवाला आंघोळ करून, जेवून झोपलेला असेल.

आता शेवटचा टप्पा बदलून बघा. विमानतळ गेटपासून अडीच तासांऐवजी अर्ध्या तासावर असता, तर नुकसान २७० मिनिटं आणि सीमा १८० किलोमीटरवर आली असती. उडण्याचा वेग तोच, तिकीट तेच. सीमा हलवतो तो फक्त शेवटचा रस्ता.

मेळघाटच्या गुगामलसाठी हाच हिशेब वेगळा निकाल देतो. चिखलदरा आपल्यापासून रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या सरासरीने सतरा तास. पुण्याहून नागपूरला विमानाने गेलं तर चार तास, सव्वा तास उड्डाण आणि नागपूर ते चिखलदरा पाचेक तास. दहा-साडेदहा तासांत काम झालं. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे शेवटचा टप्पा आणखी आखडला. सातपुड्यात जायचं असेल तर विमान. सह्याद्रीत जायचं असेल तर गाडी.

५. डोंगरातच विमानतळ का बांधत नाहीत?

मग चांदोलीच्या दारातच एखादा विमानतळ का नाही, असं कुणीही विचारेल. उत्तर एका कोनात आहे : तीन अंश.

मोठं प्रवासी विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. तीन अंश म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर विमान जेमतेम ५२० मीटर उंचीवर असतं, सहा किलोमीटरवर ३१२ मीटर. आता धावपट्टीच्या रेषेत सहा किलोमीटरवर चारशे मीटर उंचीचा डोंगर उभा आहे असं समजा. विमान त्याच्या माथ्यापेक्षा जवळजवळ नव्वद मीटर खाली असायला हवं. म्हणजे ते शक्यच नाही. शिवाय विमानाच्या मार्गाखालीही भरपूर मोकळी हवा राखावी लागते, आणि हे सगळं धावपट्टीच्या दोन्ही टोकांना.

चाकणकरांनी हे स्वतःच्या गावात अनुभवलेलं आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ. त्याला पर्याय म्हणून चाकण-राजगुरुनगर परिसरात नवा विमानतळ करायचा विचार बरीच वर्षं चालला. जागा पाहिल्या गेल्या, जमिनी द्यायला शेतकऱ्यांचा विरोध झाला, डोंगरांचा अडथळाही आडवा आला, आणि २०१६ मध्ये पुरंदरची जागा पुढे आली. जमिनीचा प्रश्न तिथेही सोपा नव्हता, पण तो वेगळा विषय आहे.

आता खरी गमतीची गोष्ट. तीन अंशांचा उतार टक्क्यांत मांडला तर ५.२ टक्के होतो. आणि आपल्याकडे डोंगरी रस्ते आखताना चढ साधारण पाच ते सहा टक्क्यांच्या आत ठेवतात. म्हणजे विमान जेवढ्या उताराने खाली येतं, जवळपास तेवढ्याच चढाने घाटातला रस्ता वर जातो! मग रस्त्याला जमतं ते विमानाला का जमत नाही?

कारण रस्ता दुमडता येतो. सहाशे मीटर उंचीचा घाट पाच टक्क्यांनी चढायला बारा किलोमीटर रस्ता लागतो, आणि डोंगराची कड आडवी मोजली तर असते तीन-चार किलोमीटर. नऊवारी लुगडं निऱ्या घालून कमरेशी वीतभर जागेत बसवतात, तसा तो बारा किलोमीटरचा रस्ता वळणं घालून डोंगराच्या अंगावर बसवतात. विमानाला निऱ्या घालता येत नाहीत. शेवटचे आठ-दहा किलोमीटर त्याला सरळ रेषेतच यावं लागतं, आणि तेवढी सरळ मोकळी जागा ज्या मुलखात असते त्याला आपण डोंगराळ म्हणत नाही.

अपवाद आहेत. पण ते बघितले की नियमच पटतो. हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला जवळचा विमानतळ भुंतरचा. बियास नदीच्या अरुंद खोऱ्यातली ही धावपट्टी जेमतेम ११०० मीटर लांब आहे. लोहगावची अडीच हजारांच्या वर. तिथे पंख्याची छोटी विमानंच उतरतात, आणि ढग खाली आले की तीही येत नाहीत. आपल्याकडे कराडला कोयना धरणाच्या बांधकामाच्या काळात, १९५० च्या दशकात केलेली छोटी धावपट्टी आहे. चांदोलीपासून ती कोल्हापूरपेक्षा जवळ. पण जेट विमान उतरेल एवढी लांब नाही.

कराडचा विषय निघालाच आहे तर रेल्वेचंही सांगून टाकतो. पुणे-मिरज मार्गावर कराडचं स्टेशन आहे, गावापासून बाजूला, ओगलेवाडीला. ज्यांच्या घरात ओगल्यांचा प्रभाकर कंदील होता त्यांना हे नाव सांगायला नको. स्टेशनवरून गाडी ठरवून घेतली तर महामार्गाचा कंटाळवाणा भाग झोपेत जातो.

६. विमान पोहोचतं, माणूस पोहोचत नाही

जास्त उंचीवरच्या उद्यानांत आणखी एक अडचण येते. उदाहरण लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं. हे देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध. तिथे जाणारे बहुतेक मराठी पर्यटक दिल्लीमार्गे लेहला उतरतात. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे.

एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच उरते. विमानाला वर उचलते ती पंखांवरून वाहणारी हवा. हवा विरळ असेल तर तेवढीच उचल मिळवायला विमानाला जवळपास १८ टक्के जास्त वेगाने धावावं लागतं, आणि नेमकी त्याच हवेत इंजिनाची ताकदही कमी पडते. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, खोऱ्यात वारे सुटतात. म्हणून लेहची विमानं सकाळची असतात.

शरीराचंही तेच. पुण्याच्या साडेपाचशे मीटरवरून काही तासांत सव्वातीन हजार मीटरवर उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. पहिले एक-दोन दिवस काही न करता पडून राहणं हाच उपाय. रस्त्याने श्रीनगरहून कारगिलमार्गे दोन दिवसांत गेलं तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. गेटपासून उलटा हिशेब करताना विमानाने जाणाऱ्याने हे विश्रांतीचे दिवस धरायलाच हवेत. ते धरले की विमानाने वाचवलेला वेळ बराचसा परत जातो. चांदोलीला ही चिंता नाही. तिथली उंची हजार मीटरच्या आसपासच आहे.

७. वाघीण आली रस्त्याने

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते खास विमानाने ग्वाल्हेरला आले आणि तिथून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने कुनो राष्ट्रीय उद्यानात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑपरेशन तारा या मोहिमेत ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली, ती मात्र गाडीतून, विदर्भातून सगळा महाराष्ट्र आडवा कापून. समुद्र ओलांडायचा होता तेव्हा विमान, राज्य ओलांडायचं होतं तेव्हा रस्ता. वनखात्यानेही आपलाच हिशेब केला असं म्हणायला हरकत नाही.

पण काही वाघ स्वतःच्या पायाने येतात. डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला; तोच आधी दक्षिणेच्या राधानगरीच्या जंगलात दिसला होता. गोवा-कर्नाटकाकडून तिलारी, राधानगरी, विशाळगड असा जंगलाचा पट्टा चांदोलीपर्यंत येतो, पण तो सलग नाही. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग आंबा घाटाजवळ त्याला आडवा छेदतो. आपण मघापासून मोजत आहोत तो सोयीचा, रुंद, वेगवान रस्ता वाघाच्या बाजूने पाहिला तर ओलांडायचा अडथळा असतो. रस्ता जितका रुंद आणि वेग जितका जास्त, तितकं ते ओलांडणं अवघड. शेवटच्या टप्प्यातला रस्ता चौपदरी करा, अशी मागणी पर्यटनाच्या नावाखाली अधूनमधून कुठल्याही उद्यानाभोवती होते. ती मान्य झाली तर अर्धा तास वाचेल आणि ज्याला बघायला जायचं तोच तिकडे फिरकणार नाही.

आता निघण्याआधी एवढं लक्षात ठेवा. प्रवेशाच्या वेळा, गाडीचे नियम आणि आठवड्याचा बंद दिवस सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कोल्हापूर किंवा कराड कार्यालयात आधी विचारून घ्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं, तसा प्रत्येक उद्यानाचा आपला नियम असतो. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असणाऱ्या भोसरी-पिंपरीच्या कामगारांनी तर हे आवर्जून विचारावं. गाडीची टाकी शिराळ्यात किंवा कराडलाच भरा. आरळ्याच्या पुढे अंधार पडल्यावर गाडी चालवायची वेळ येऊ देऊ नका, आणि चालवावीच लागली तर ताशी तीस-चाळीसच्या वर नेऊ नका. भेकर आणि गवे रस्त्यावर येतात. आणि पावसाळ्यात तर निघूच नका. उद्यानाच्या अंगाला असलेलं पाथरपुंज हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांदोलीचं गेट बंद असतं.